मास्तरांचे माप

जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत बारा वर्षे सेवा झाली की शिक्षकाला वरिष्ठ वेतनश्रेणी लागू होते आणि चोवीस वर्षांनी निवडश्रेणीचा विचार होतो. चट्टोपाध्याय आयोगाच्या शिफारशींतून आलेली ही सोय. २३ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने तिला नवी अट जोडली. शिक्षकाची शाळा ‘प्रगत’ असली पाहिजे, ‘शाळासिद्धी’त तिला ‘अ’ श्रेणी असली पाहिजे आणि नववी-दहावीला शिकवणाऱ्यांच्या बाबतीत निकाल ८० टक्क्यांच्या वर असला पाहिजे. शिक्षक संघटनांनी विरोध केला, निवेदने गेली, आणि २०१९ मध्ये ती अट मागे घेतली गेली. दोन वर्षांचे हे प्रकरण आता विस्मरणात गेले आहे. मला ते विसरण्यासारखे वाटत नाही. ज्या प्रश्नाला त्यात हात घातला होता तो सुटला म्हणून अट गेली नाही. ती गैरसोयीची झाली म्हणून गेली. मन लावून शिकवणारा आणि नुसता सही करून जाणारा यांच्यात फरक करायचा की नाही, करायचा तर कशाच्या आधारे, हे अट घालतानाही नीट विचारले गेले नाही आणि काढतानाही नाही.

मी राहतो तो भाग शहापूर-मुरबाडचा. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात जो आदिवासी भाग उरला त्याचा मोठा हिस्सा या दोन तालुक्यांत आहे. शहापुरातून मध्य रेल्वे जाते. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही तिची स्टेशने. मुरबाडला रेल्वे नाही. मुंबईचे पाणी तानसा, भातसा, मोडकसागर इथून जाते आणि त्याच शहापूरच्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो (हा विषय वेगळा, पण तो आल्याशिवाय शहापूरवर कुणाला लिहिता येत नाही). ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांचे पाडे, चौथी-पाचवीपर्यंतच्या दोनशिक्षकी शाळा, पुढे आश्रमशाळा. मी शिक्षक नाही, शिक्षणशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. जुने अहवाल, परिपत्रके, शाळांची शेरेबुके मिळतील तशी वाचत गेलो, आणि गुरुजी, बाई, केंद्रप्रमुख, पालक जे बोलले ते ऐकत गेलो. त्यातून जे हाती लागले ते मांडतो आहे.

प्रथम जुना इतिहास, कारण २०१७ ची अट नवी नव्हती. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांनी ‘सुधारित संहिता’ आणली. शाळेला मिळणारे अनुदान मुलांच्या परीक्षेवर ठरू लागले. मुलाच्या हजेरीबद्दल ४ शिलिंग; वाचन, लेखन आणि हिशेब या प्रत्येकात तो उत्तीर्ण झाला तर २ शिलिंग ८ पेन्स. म्हणजे एका मुलामागे फार तर १२ शिलिंग, त्यातले ८ परीक्षकाच्या हातात. लो यांचा युक्तिवाद सरळ होता: ही पद्धत कार्यक्षम ठरली नाही तर निदान स्वस्त तरी ठरेल. तीन-चार वर्षांत हीच कल्पना आपल्याकडे आली. मुंबई इलाख्याचे शिक्षण संचालक सर अलेक्झांडर ग्रांट यांच्या कारकिर्दीत, १८६५-६६ च्या सुमारास, खाजगी शाळांच्या अनुदानाला ‘निकालानुसार’ हे तत्त्व लागू झाले.

त्याचे काय झाले हे सांगणारा उत्तम साक्षीदार म्हणजे कवी आणि टीकाकार मॅथ्यू अर्नोल्ड. पोटासाठी त्यांनी पस्तीस वर्षे शाळा तपासनिसाची नोकरी केली. मुले नेमलेले वाचनपुस्तक पाठ करून परीक्षकापुढे घडाघडा म्हणतात आणि दुसरे कोणतेही पुस्तक दिले तर अडतात, ही तक्रार त्यांनी आपल्या अहवालांतून वारंवार नोंदवली. एका समीक्षकाने तपासनीस म्हणून लिहिलेले ते अहवाल मला त्यांच्या वाङ्मयीन निबंधांइतकेच महत्त्वाचे वाटतात. पाठ्यपुस्तक आणि वाचन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तपासणीच्या टेबलाशी बसून ज्याला दिसते, त्याची नजर खरी. इंग्लंडने ही पद्धत १८९० च्या दशकात मोडीत काढली. हिंदुस्थानात ती कर्झनच्या काळापर्यंत रेंगाळली.

आता एक अवघड जागा. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शिक्षकांविषयी बरेच काही आहे. शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, त्यांचा पगार महिना १२ रुपयांच्या खाली नसावा, अशा मागण्या त्यात आहेत. त्याबरोबर आणखी दोन सूचना आहेत, ज्यांकडे आमच्याकडचे फुले-अभ्यासक फारसे वळत नाहीत. पहिली: ज्या खेड्यातल्या शाळेतून जास्त मुले उत्तीर्ण होतात तिथल्या मास्तरला पगाराव्यतिरिक्त काही खास भत्ता द्यावा. दुसरी: डेप्युटी इन्स्पेक्टरची वर्षातून एकदा होणारी भेट निरुपयोगी आहे, तपासणी निदान तीन महिन्यांनी व्हावी, आणि आगाऊ वर्दी न देताही शाळेला भेट द्यावी.

फुल्यांना निकालावर भत्ता का हवा होता, हे समजण्याजोगे आहे. शूद्रातिशूद्रांची मुले वर्गात बसली काय आणि न बसली काय, ज्याला काही वाटत नाही अशा मास्तरला त्या मुलांकडे वळवायचे कसे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. मास्तरच्या मनात आस्था नसेल तर निदान त्याच्या खिशाला ती असावी, असा तो विचार. तरीही पहिल्या सूचनेपेक्षा दुसरी मला अधिक टिकाऊ वाटते. भत्त्याच्या मोहाने मास्तर पाठांतराकडे वळतो हे अर्नोल्डच्या अहवालांतून दिसले होते. न सांगता आलेला तपासनीस मात्र जे असेल ते पाहतो.

आता आमच्या पाड्यावरच्या शाळेत निकालाची टक्केवारी म्हणजे काय, ते पाहू. समजा तिसरीत चार मुले आहेत. ही कल्पित संख्या नव्हे, अशा शाळा दोन्ही तालुक्यांत आहेत. समजा गुरुजी दरवर्षी अगदी एकसारखे शिकवतात आणि त्यांच्या हातून प्रत्येक मूल अपेक्षित पातळीला पोचण्याची शक्यता दहात सात आहे. साध्या गणिताने पाहिले तर दर चार वर्षांतून एका वर्षी चारही मुले पोचतील आणि शाळेचा निकाल १०० टक्के लागेल. आणि दर तीन वर्षांतून एका वर्षी दोन किंवा त्याहून कमी मुले पोचतील, म्हणजे निकाल ५० टक्के किंवा त्याखाली. गुरुजी तेच, मेहनत तीच. एका वर्षी सत्कार, दुसऱ्या वर्षी कारणे दाखवा नोटीस. हेच गणित साठ मुलांच्या वर्गाला लावले तर शंभरातील नव्वद वर्षे निकाल ६० ते ८० च्या मध्येच राहतो. मोठ्या शाळेतल्या शिक्षकाला संख्या सांभाळून घेते. लहान शाळेतला शिक्षक नशिबावर हेलकावत राहतो, आणि आम्ही त्या हेलकाव्याला त्याची गुणवत्ता म्हणतो.

अमेरिकेत मोठमोठ्या देणगीदारांनी लहान शाळा चांगल्या असतात असा निष्कर्ष काढून कोट्यवधी डॉलर खर्चले, कारण गुणवंत शाळांच्या यादीच्या वरच्या टोकाला लहान शाळा जास्त दिसत होत्या. यादीच्या खालच्या टोकालाही त्याच जास्त आहेत, हे हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने दाखवून दिले. आपल्याकडे उलट्या बाजूने तेच चालते. तालुक्याच्या बैठकीत तळाच्या शाळांची यादी वाचली जाते; तिच्यात पाड्यांची नावे यायचीच. अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने २०१४ मध्ये जे निवेदन काढले त्यात म्हटले आहे की विद्यार्थ्यांच्या गुणांतल्या चढउतारापैकी शिक्षकाकडे बोट दाखवता येईल असा भाग बहुतेक अभ्यासांत १ ते १४ टक्के इतकाच निघतो. बाकीचे घर, भाषा, गाव, आधीची वर्षे. शिक्षकाने काही फरक पडत नाही, असा याचा अर्थ नाही. तो फरक गुणांच्या ढिगातून वेगळा काढणे अवघड आहे, असा आहे.

भाषेचे उदाहरण घ्या. कातकरी मूल पहिलीत येते ते कातकरी बोली घेऊन. ठाकूरवाडीतल्या मुलाची मराठीही पुस्तकातली नसते. पहिली सहा-आठ महिने चांगली बाई काय करते? ती मुलाचे शब्द शिकते, त्याला बोलते करते, आपला शब्द त्याच्या शब्दाशेजारी ठेवते. पायाभूत चाचणीत या कामाला रकाना नाही. ज्या मुलाच्या घरी पुस्तकातली मराठी बोलली जाते त्याच्या शिक्षकाला हे काम करावेच लागत नाही आणि तरी दोघांना पट्टी एकच लावली जाते. ही अडचण तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, ओळखली होती. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाकडे न्यावी, अंगणात न्यावी, गुरे राखणाऱ्या पोरांच्या मागे कुरणात न्यावी, हे त्यांचे प्रयोग. पटावरच्या हजेरीने त्यांचे मोल कसे काढले असते?

हजेरीचा विषय निघालाच आहे. जुलैत आवणी असते. भातलावणीच्या दिवसांत घरातले मोठे शेतावर आणि पोरे धाकट्या भावंडांना सांभाळायला. दिवाळी झाली की कातकऱ्यांची आणि काही ठाकूर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. भिवंडी, कल्याण, त्याही पलीकडे. परततात ती पावसाच्या तोंडावर. मधल्या काळात वर्ग अर्धा होतो. यावरून मला नेहमी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आठवते. आपण ती माणदेशाची कादंबरी म्हणून वाचतो, धनगरांची म्हणून वाचतो. ती एका शिक्षकाच्या कामाची नोंद म्हणूनही वाचायला हवी. औंध संस्थानातला तो कोवळा मास्तर मुले गोळा करतो, कारण मुले मेंढरांमागे असतात. तो लोकांचे कागद वाचतो, भांडणांत पडतो, तालीम उभी करतो. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. आता त्या शाळेचा त्या वर्षीचा निकाल काढा. पट शून्य, प्रगती शून्य. कादंबरी वाचणाऱ्या कुणालाही हा मास्तर नापास वाटत नाही, आणि तो आदर्श शिक्षक आहे असेही वाटत नाही. तो चुकतो, घाबरतो, कधी कधी वाहवत जातो. माडगूळकरांनी त्याला गुण दिले नाहीत, त्याचे दिवस दाखवले. आपल्या समीक्षेने या कादंबरीत निसर्ग, बोली, लोकजीवन हे सगळे पाहिले. शिक्षकाचे काम कसे पाहावे याचा नमुना तिच्यात आहे, तिकडे कुणाचे लक्ष गेल्याचे मला दिसले नाही.

दुसरा लाडका शिक्षक पु. ल. देशपांडे यांचा चितळे मास्तर. त्याच्याबद्दल माझे मत थोडे कडू आहे. व्यक्तिचित्र म्हणून ते उत्तमच आहे. पण मराठीत शिक्षकांवर जे लिहिले जाते ते बहुतेक याच पठडीतले: तीस वर्षांनी, नावारूपाला आलेल्या विद्यार्थ्याने, कृतज्ञतेने लिहिलेले. जो चौथीत गळाला त्याने आपल्या मास्तरवर लेख लिहिलेला नाही. ज्या मुलीला मागच्या बाकावर कुणी विचारले नाही तिची आठवण कुठल्या दिवाळी अंकात आली आहे? माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातून शिक्षकाची किंमत करायची झाली तर ती नेहमी तरलेल्यांच्या साक्षीवर होणार. आदर्श शिक्षक पुरस्कारांच्या फायलींनाही हीच खोड आहे, फक्त तिथे साक्षी शिक्षकालाच गोळा कराव्या लागतात: कात्रणे, छायाचित्रे, प्रमाणपत्रे.

आकड्याला पैसा बांधला की आकडा फुगतो हेही आपण पाहिले आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी झाली आणि पटावर असलेली लाखो मुले प्रत्यक्षात सापडली नाहीत. अनुदान, तुकड्या, पदे सगळे पटावर अवलंबून होते. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात निकालावर नोकऱ्या आणि बक्षिसे ठरू लागल्यावर शिक्षकच उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त करत बसले. २०११ च्या चौकशीत ४४ शाळांतले १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापक अडकले. माणसे तिथलीही वाईट नव्हती आणि इथलीही सगळी वाईट नव्हती. शाळासिद्धीत ७ क्षेत्रे आणि ४६ मानके आहेत, माहिती शाळेनेच भरायची. त्यावर शिक्षकाची वेतनश्रेणी ठरणार असेल तर प्रामाणिक मुख्याध्यापकाला आपल्याच सहकाऱ्याचे नुकसान करावे लागते.

इथे एक विरुद्ध पुरावा मांडला पाहिजे, नाहीतर मी निवडून निवडून दाखले देतो असे होईल. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी २००५ पासून आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण शाळांत प्रयोग केला. मुलांच्या गुणवाढीनुसार शिक्षकांना छोटा बोनस, सरासरीने वार्षिक पगाराच्या सुमारे ३ टक्के. दोन वर्षांनी त्या शाळांतली मुले इतर शाळांपेक्षा भाषा आणि गणित दोन्हींत स्पष्टपणे पुढे होती, आणि ज्या विषयांवर बोनस नव्हता त्यांतही मागे पडली नव्हती. हा निकाल दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण तिथे काय केले होते ते पाहावे: मूल कुठून कुठे आले हे मोजले, ते कुठे उभे आहे एवढेच नव्हे; चाचणी बाहेरच्या माणसांनी घेतली, उत्तरे बाहेरच्यांनी तपासली; शिक्षा कुणालाच नव्हती. केनियात असाच प्रयोग झाला तेव्हा शिक्षकांनी परीक्षेची जादा तयारी करून घेतली, गुण वाढले आणि बक्षीस संपल्यावर वाढ टिकली नाही. २०१७ च्या आपल्या निर्णयात आंध्रातली काळजी नव्हती, केनियातला धोका मात्र पुरेपूर होता.

शिक्षक संघटनांचे म्हणणेही तपासायला हवे. ‘शिक्षण मोजता येत नाही’ हे त्यांचे वाक्य सभेत टाळ्या घेते. ते मला मान्य नाही. शहरातल्या पालकाला शिक्षक पसंत नसेल तर तो शाळा बदलतो, शिकवणी लावतो. डोळखांबच्या पलीकडच्या किंवा टोकावड्याच्या वरच्या पाड्यावर दुसरी शाळा नाही. तिथे दोन शिक्षकांपैकी एक नाममात्र असेल तर चौथीपर्यंतची चार वर्षे गेली ती गेली; ते मूल आश्रमशाळेत पाचवीला जाऊन बसते आणि वाचता येत नाही हे लपवायला शिकते. मोजायचे नाही असे म्हणणे म्हणजे त्या मुलाची तक्रार नोंदवायचीच नाही असे म्हणणे. मोजमाप अन्यायकारक असू शकते हे शिक्षकांना जितके कळते तितके मोजमाप नसल्याचा अन्याय कुणावर होतो हे कळत नाही, किंवा बोलले जात नाही.

गैरहजेरीचेच पाहा. २००३ मध्ये देशभर न सांगता भेटी देऊन झालेल्या पाहणीत दर चार सरकारी शिक्षकांमागे एक शाळेत नव्हता. महाराष्ट्रात हे प्रमाण सर्वांत कमी, सुमारे १५ टक्के. २०१७ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनने सहा राज्यांत पाहणी केली तेव्हा १८.५ टक्के शिक्षक शाळेत नव्हते. पण कारण विचारल्यावर विनाकारण गैरहजर फक्त अडीच टक्के निघाले. बाकीचे रजेवर, प्रशिक्षणाला, कार्यालयीन कामाला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना इतर कामे देऊ नयेत असे म्हटले आहे. निवडणुकीच्या नावाखाली मतदार यादीचे काम बारमाही होते, ते त्यातच बसते. म्हणून गैरहजेरी मोजताना ती कुणाची, शिक्षकाची की त्याला बोलावून घेणाऱ्या कार्यालयाची, हे लिहिल्याशिवाय आकडा अर्धा आहे. मुख्यालयी राहण्याच्या वादातही हेच. सकाळच्या गाडीने आसनगावला उतरून वेळेवर पोचणारी बाई आणि गावात खोली भाड्याने दाखवून घरभत्ता घेणारा गुरुजी यांत कागदावर दुसरा बरोबर ठरतो.

महाविद्यालयांविषयी थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांसाठी गुणांक पद्धत आणली: शोधनिबंधाला इतके, चर्चासत्राला इतके. पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढावी लागली. मुरबाडसारख्या ठिकाणी घरातले पहिलेच मूल पदवीला आलेले असते, एसटीची वेळ चुकली तर तास बुडतो. तिथल्या प्राध्यापकाचे खरे काम प्रथम वर्षाचा विद्यार्थी तृतीय वर्षापर्यंत टिकवणे हे आहे. गुणांकात त्याला जागा नव्हती. विद्यार्थ्यांचा अभिप्राय हा उपाय सुचवला जातो. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी याचा छडा लावला: ज्यांना विद्यार्थी चांगले गुण देत होते त्यांचे विद्यार्थी त्या सत्रात चमकत, पण पुढच्या, अधिक अवघड अभ्यासक्रमात मागे पडत. अभिप्राय घ्यावा, प्राध्यापक तासाला येतो का, अपमान करतो का, उत्तरपत्रिका परत देतो का, हे विद्यार्थ्याइतके कुणालाच ठाऊक नसते. त्याने किती शिकवले हे मात्र त्याच दिवशी विद्यार्थ्यालाही कळलेले नसते.

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात निकाल दिला: ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून अधिक सेवा उरली आहे त्यांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, नाहीतर नोकरी सोडावी. वीस-पंचवीस वर्षे पाड्यावर काढलेले शिक्षक आता दीडशे पर्यायी प्रश्नांची पुस्तके घेऊन बसले आहेत. दाराशी घ्यायची परीक्षा आणि घरात केलेल्या कामाचे माप यांची इथे गल्लत झाली आहे. नवख्या उमेदवाराने काय केले आहे हे पाहायला काहीच नसते, म्हणून प्रश्नपत्रिका, ती योग्यच. ज्याच्या हाताखालून वीस तुकड्या गेल्या त्याचे काम पाहायला गावात माणसे आहेत. तरीही न्यायालयाला प्रश्नपत्रिकेकडे वळावे लागले यात मला प्रशासनाचा दोष जास्त दिसतो, कारण वीस वर्षांच्या कामाचा विश्वासार्ह कागद एकाही कपाटात नाही. गोपनीय अहवाल आहेत. त्यांत ‘चांगला’, ‘उत्तम’ हे शब्द आहेत. शेरेबुकात मी वाचलेले शेरे बहुतेक असे: परिसर स्वच्छ, फलकलेखन आढळले, पोषण आहाराची नोंद अद्ययावत. मूल काय वाचत होते ते नाही.

न्याय्य मूल्यमापन कसे असावे, तर माझ्या मते या शेरेबुकापासूनच सुरुवात व्हावी. तपासणारा वर्षातून तीन-चारदा न सांगता यावा, एक पूर्ण तास मागे बसावा, दोन-तीन मुलांना जवळ घेऊन पाठ्यपुस्तकाबाहेरचा उतारा वाचून घ्यावा आणि त्या मुलांविषयी लिहावे. पुढच्या भेटीत त्याच मुलांना शोधावे. एका वर्षाच्या टक्केवारीवर काहीही ठरवू नये. चार मुलांच्या वर्गाला टक्केवारी लावूच नये. लिहिलेले शिक्षकाला दाखवावे आणि त्याचे उत्तर त्याच पानावर घ्यावे. देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितले आहे की गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. त्यांना अध्यापनपद्धती विचारू नये. दार कधी उघडते, मूल जायला रडते का, गुरुजी घरी कधी आले होते, हे विचारावे. अक्षर न ओळखणारी आईही याची उत्तरे नेमकी देते. हे सगळे करायला केंद्रप्रमुख मोकळा पाहिजे, आणि तो आज माहिती गोळा करून वर पाठवणारा कारकून झाला आहे.

यात न बसणारे काम उरेलच. मुरबाडच्या फांगणे गावात जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायका गुलाबी नऊवारी नेसून दुपारी पाटी-दप्तर घेऊन येऊ लागल्या. देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. त्या कामाने पहिली ते चौथीच्या निकालात एक टक्काही वाढला नसेल. आजी पाटी घेऊन बसते हे पाहणाऱ्या नातवावर काय परिणाम होतो, तेही कुठल्या चाचणीत येणार नाही. मला वाटते अशा कामाला गुण देण्याच्या भानगडीत पडू नये. गुण ठेवले की पुढच्या वर्षी प्रत्येक केंद्रात आजीबाईंच्या शाळेचा फोटो काढला जाईल. त्याची नोंद शेरेबुकात दोन ओळींत राहावी.

वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी पत्रक दिले जाते. मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने ते पाहून त्याला बसवून घ्यायचे. त्या पत्रकावर मुलाचे नाव, इयत्ता, शाळा असते. तिथे आणखी चार ओळींची जागा हवी: निघताना मूल कुठपर्यंत वाचत होते ते इथल्या बाईंनी लिहावे, परतताना कुठपर्यंत वाचते ते तिथल्या गुरुजींनी लिहावे. कातकरी मुलांबाबत दोन शिक्षकांचे काम वेगवेगळे दिसेल असा दुसरा कागद मला तरी सुचत नाही. दिवाळी संपली की टेम्पो निघतील; पत्रके त्याआधी शाळेत पोचायला हवीत.